ओट्याखालची लादी

गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्यांदा गेलं की सर टेप बाहेर काढत नसत. ते घरातल्या बाईंना म्हणायचे, "चहा करा." बाई साखर किती म्हणून विचारायला लागल्या की सांगायचे, "मला नको. मला तुम्हाला चहा करताना बघायचंय."

यावर बहुतेक नवऱ्यांचे चेहरे बदलत. भांडुपच्या एका घरात तर नवरा पेपर टाकून सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. सर त्याला म्हणाले, "बरं झालं आलात. आता तुम्ही मध्ये उभे असताना यांना दूध काढायला कुठून जावं लागतं, तेही कळेल." त्या बाई इतक्या हसल्या की ऑर्डर तिथेच मिळाली.

मी त्यांच्याकडे कामाला लागलो तेव्हा मला वाटायचं, हा माणूस नाटकी आहे. मुलुंडला पाच रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमचा गाळा होता. बाहेर पाटी किचन फर्निचरची, आत सर, मी आणि एक म्हातारे मिस्त्री. माझे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. मी कसाबसा इंटिरियरचा कोर्स केलेला. सरांनी माझी ड्रॉइंगं बघितली आणि विचारलं, "यात बाई कुठे आहे?" मी म्हटलं, "सर, हा प्लॅन आहे." ते म्हणाले, "तेच विचारतोय. ती उभी कुठे राहणार? आणि उभी राहिली की तिला काय दिसणार?"

बाईला काय दिसणार, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न होता. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ओटा भिंतीला लावलेला असतो, त्यामुळे स्वयंपाक करणारीचं तोंड भिंतीकडे आणि पाठ घराकडे. हे सरांना सहन होत नसे. ते लहानपणी घाटकोपरच्या चाळीत वाढलेले. एकदा जेवताना मला म्हणाले, "आई आठवायला लागलो की मला तिची पाठ आठवते. खोचलेला पदर, घामाने चिकटलेलं पोलकं. चेहरा आठवायला फोटो बघावा लागतो." मग डब्यातला शेवटचा घास बोटांनी गोळा करत राहिले.

म्हणून त्यांचं सगळं काम एका गोष्टीभोवती फिरायचं. हॉल आणि किचनमधली भिंत पाडायची आणि ओट्याचा एक भाग भिंतीपासून काटकोनात बाहेर काढायचा. याला सगळे पेनिन्सुला म्हणतात. सर गिऱ्हाइकाला शाळामास्तरासारखं समजावत, "द्वीपकल्प शिकलात ना? तीन बाजूंनी पाणी, एका बाजूला जमीन. इथे एका बाजूला भिंत आणि तीन बाजूंनी घर." मिस्त्री त्याला शेपटी म्हणायचे. "सर, शेपटी कुठपर्यंत काढायची?" सर चिडायचे, पण मिस्त्रींनी शब्द काही बदलला नाही.

त्या शेपटीचे सरांचे नियम होते. तिचं टोक गोल पाहिजे, नाहीतर जाता-येता कंबर आपटून काळीनिळी पडते. बाहेरच्या बाजूला खाली गुडघे जातील एवढी पोकळी, म्हणजे सासूबाईंना खुर्चीवर बसून मटार सोलता येतात. मधली वाट अशी की दोघी जणी पाठीला पाठ न लावता जाऊ शकतील, "नाहीतर दोघींचं भांडण तुम्ही बिलात धरा." आणि गॅस कधीच त्या बाजूला घ्यायचा नाही. फोडणी उडते, तेल सोफ्यापर्यंत जातं. गॅस भिंतीकडेच. बाहेरच्या भागावर चिरणं, लाटणं, मळणं, म्हणजे जे काम करताना बाईला मान वर करून बोलता येतं ते.

दुसरं वेड रंगाचं. बिल्डर देतो ती पांढरी नाहीतर बिस्किटाच्या रंगाची लादी बघितली की ते म्हणत, "हॉस्पिटलच्या कुठल्या वॉर्डात आलोय?" त्यांच्या लाद्या मोरपंखी, हळदी, विटकरी, नाहीतर हिरव्यात पांढरी वेल. कपाटं साधी आणि जमीन रंगीत. "छताकडे कोण बघतं? बाईची मान दिवसभर खाली. मग रंग खाली लावा ना." एका बाईंनी शंका काढली की नक्षीच्या लादीवर मोहरी सांडली तर दिसणार नाही. सर म्हणाले, "सासूलाही दिसणार नाही."

पण एका बाबतीत ते चिकट होते. या लाद्या ऑर्डर देऊन करून घ्याव्या लागत, महाग पडत. म्हणून ओट्याखाली आणि शेपटीखाली ते लादी घालू देत नसत. तिथे नुसता सिमेंटचा कोबा. "खाली रंग कोण बघणार? झुरळं?"

हे सगळं ठरायच्या आधी तालीम व्हायची. सर पिशवीतून रांगोळीचे डबे काढत आणि रिकाम्या फ्लॅटमध्ये, गच्चीवर, कधी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पूर्ण आकाराचं स्वयंपाकघर जमिनीवर आखत. पांढरा ओटा, लाल गॅस, निळं सिंक. मग घरातल्या सगळ्यांना आत उभं करून म्हणत, "चला, सकाळचे सात वाजलेत. सुरू करा." लोक लाजत लाजत खोटं दूध तापवायला लागत. कुणी चुकून रांगोळीच्या रेघेवरून गेलं की सर ओरडत, "ओट्यातून कुठे चाललात? भूत आहात का?" बोरिवलीच्या एका पार्किंगमध्ये अख्खं कुटुंब हवेत पोळ्या लाटत होतं आणि वॉचमन हात जोडून उभा होता. त्याला वाटलं काहीतरी पूजा चालू आहे.

या तालमीत बाई हमखास एक वाक्य म्हणायच्या. "कशाला एवढं? आहे ते बरं आहे." सरांनी मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं, "लिहून घे. बाईंचं 'कशाला' म्हणजे हो. आपल्याकडच्या बायकांना स्वतःसाठी काही मागायची लाज वाटते. तिने कशाला म्हटलं की तू ऑर्डर लिहायला घे." मी पुष्कळदा पडताळून पाहिलं. खरंच तसं व्हायचं. किचन तयार झालं की 'कशाला' म्हणणाऱ्याच बाई शेजारणींना हात धरून दाखवायला आणायच्या.

सरांना एकच मुलगा होता, बाळ्या. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तापाचं निमित्त होऊन गेला. मी तेव्हा त्यांच्याकडे नवीन होतो. तेराव्यानंतर सर लगेच गाळ्यावर आले. मी काय बोलावं ते न सुचून काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, चौकशी केली. म्हणाले, "ती खंबीर आहे रे. एकदासुद्धा रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ओट्याशी उभी." त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण थोडा अभिमानही होता. तो अभिमान मला तेव्हा बरोबरच वाटला. काकू मूळच्या कुडाळकडच्या. गोऱ्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. बोलायच्या त्या आमच्यासारखंच. एखादी गोष्ट मनाला लागली की मात्र मालवणीत जायच्या.

त्यांचं घर पंतनगरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये. तिथलं स्वयंपाकघर म्हणजे एक बोळ होता. एक ओटा, त्याच्यासमोर भिंत, भिंतीवर कालनिर्णय लटकवायचा खिळा. गिऱ्हाइकं कधीकधी विचारायची, "सर, तुमच्या घरचं किचन दाखवा ना," तेव्हा सर विषय बदलायचे. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार म्हणून वर्षानुवर्षं कुणी तिथे खिळासुद्धा ठोकत नव्हतं. शेवटी ती गेली, दोघं भाड्याने विक्रोळीला राहिले, आणि नव्या टॉवरची चावी मिळाली त्या दिवशी सर गाळ्यात पेढे घेऊन आले. "आता तिची पाळी," म्हणाले.

बिल्डरने घातलेली नवीकोरी लादी उखडायची ठरली, तशी सोसायटीत बोंब झाली. सरांना फिकीर नव्हती. त्याआधी तालीम. आम्ही तिघं आणि काकू, रिकाम्या फ्लॅटमध्ये. सरांनी रांगोळीने स्वयंपाकघर आखलं आणि मी बघतच राहिलो. लाल गॅस शेपटीवर होता.

"सर, गॅस? फोडणी उडेल."

"उडू दे," सर म्हणाले. "मी समोर बसणार. तिचा चेहरा बघायचाय मला."

त्यांनी प्लास्टिकची खुर्ची हॉलच्या जागी ठेवली, वर बसले आणि काकूंच्या हातात रिकामी कढई दिली. "हं. फोडणी दे."

"कशाची?"

"कशाचीही. बटाट्याची दे."

काकू रांगोळीच्या आत उभ्या राहिल्या. समोर सर, बाजूला मी, दारात मिस्त्री. त्यांनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, मग खाली रेघांकडे. कुठे बघावं ते त्यांना समजत नव्हतं. आणि मग त्या चक्क वळल्या, भिंतीकडे तोंड केलं आणि तिथे रिकाम्या कढईत हात फिरवायला लागल्या.

"अगं, तिकडे गॅस नाहीये!" सर म्हणाले. "तिकडे तू भांडी घासतेयस!"

मिस्त्री हसले. काकू न वळताच म्हणाल्या, "कित्याक ह्या सगळा? माका भिंतच बरी."

सरांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. "ऐकलंस? कशाला म्हणाली. पास!"

मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. ती मालवणी माझ्या कानांवर पडली होती, पण मला त्यातलं फक्त 'कशाला' ऐकू आलं. गाळ्यात नियम पाठ करून करून माझे कान तसेच घडले होते.

किचन फार सुंदर झालं. हे कबूल करायलाच हवं. जमिनीवर मोरपंखी आणि हळदी रंगाच्या लाद्या, मधूनच एखादी विटकरी, कपाटं ताकाच्या रंगाची, शेपटीचं टोक गोल, हात फिरवावासा वाटेल असं. सकाळचं ऊन बाल्कनीतून आत यायचं आणि हळदी लादी पेटल्यासारखी दिसायची. सोसायटीतले ज्यांनी बोंब मारली होती तेच बघायला आले. एक शेजारीण म्हणाली, "काकू, मजा आहे बाबा तुमची. काका समोर बसून कौतुक करणार!" काकू हसल्या.

त्यानंतर सरांचा डबा बदलला. आधी त्यांचा डबा उघडला की कुळथाच्या पिठीचा वास गाळाभर जायचा, मिस्त्री आपली भाकरी पुढे करायचे. आता पोळी आणि कोरडी भाजी यायला लागली. मग वरणभात. मग एक दिवस बाहेरचा, खानावळीचा डबा आला. मी काही विचारलं नाही. सरच म्हणाले, "नव्या ओट्याची सवय नाही तिला अजून." काही दिवसांनी म्हणाले, "बाथरूममध्ये फार वेळ लावते हल्ली. नळ सोडून बसते. गुडघे दुखत असतील, शेक घेत असेल."

परक्या घरात बाई डाव्या हाताने झाकण उचलते की उजव्या, यावरून कपाटाची जागा ठरवणारा हा माणूस. त्याला त्या नळाचा आवाज काय सांगतोय हे कळलं नाही. मला तरी कुठे कळलं?

एका दुपारी त्यांच्याकडचा ड्रॉवर अडकला म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो. सर समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होते. मी खाली बसून ड्रॉवर ज्यावर सरकतो ते चॅनेल सैल करत होतो. काकू गॅसजवळ उभ्या होत्या, गॅस बंद होता. त्या वाकल्या आणि मला हळूच विचारलं, "हे फिरवता येईल का रे?"

"काय, काकू?"

"गॅस. तिकडे, भिंतीकडे."

सरांनी पेपर खाली घेतला. "का? उजेड डोळ्यांवर येतो का? पडदा लावू."

"उजेड नाही."

"धूर? चिमणी बदलून घेऊ, मोठी."

"धूर नाही हो."

"मग काय आहे समोर?"

"तुम्ही," काकू म्हणाल्या.

सर हसायला लागले. "म्हणजे आता तुला माझ्यापासून काय लपवायचंय?" पण ते हसणं मध्येच थांबलं, कारण काकू हसल्या नव्हत्या. त्यांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागल्या.

"बाळ्या गेल्यापासून मी रोज रडते," त्या म्हणाल्या. "सकाळी. फार नाही. कणीक मळून होईपर्यंत. तुमच्याकडे पाठ असायची, तुम्ही पेपर वाचत असायचात. मग तोंड धुवायचं आणि डबा भरायचा. त्यावर माझा दिवस निघायचा." फडकं एकाच जागी फिरत होतं. "आता तुम्ही समोर बसता. मध्येच वर बघता आणि हसता. मग मलाही हसावं लागतं."

मी स्क्रू हातात धरून खाली बसून होतो. उठावं तर त्यांच्या मध्ये उभा राहीन, बसावं तर ऐकत राहीन.

"मला सांगायचंस," सर म्हणाले.

"सांगितलं होतं. त्या रांगोळीत."

सर उठून आले, शेपटीवर हात ठेवला, गोल टोकावरून तो फिरवत नेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या मिस्त्रीला घेऊन ये. हे मोडून टाकू."

"कशाला," काकू म्हणाल्या. सवयीने.

सर त्यांच्याकडे वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना हा प्रश्न कुणालाच विचारताना ऐकलं नव्हतं. "कशाला म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. "हो, की नको?"

काकूंनी विचार केला. कदाचित त्यांनाही तो प्रश्न आजवर कुणी विचारला नसेल.

"म्हणजे मोडा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी शेपटी मोडली. मी गॅसची नळी भिंतीकडे फिरवून घेतली. मलबा गोणीत भरून खाली नेल्यावर जमीन झाडली, तेव्हा दिसलं. मोरपंखी आणि हळदीच्या मधोमध, जिथे शेपटी होती तिथे, तिच्याच आकाराचा करडा कोबा. टोक गोल. सरांचाच नियम, ओट्याखाली लादी नको. मी लादीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ते डिझाईन बंद झालं, साचाच राहिला नाही. सगळी जमीन नव्याने करू म्हटलं तर काकू नको म्हणाल्या, आणि ते नको म्हणजे नकोच होतं, कारण सरांनी पुन्हा विचारून घेतलं. वर एक पायपुसणं टाकलं होतं, ते सरकायला लागलं म्हणून काढलं. तो आकार तसाच राहिला. लोक विचारायचे, "इथे काय होतं?" सर सांगायचे, "चूक होती."

त्यांनी आपली खुर्चीही फिरवली. तिचं तोंड बाल्कनीकडे केलं. आता काकूंची पाठ घराकडे आणि सरांची पाठ काकूंकडे. सकाळी मी काही कामाला गेलो तर दोघं तशी असायची. आत परातीवर बांगड्यांचा आवाज आणि बाहेर बघत बसलेले सर, पेपर मांडीवर घडी घातलेला. कुळथाची पिठी पुन्हा डब्यात यायला लागली. मिस्त्री भाकरी पुढे करायचे. सर सगळा डबाच त्यांच्यापुढे सरकवायचे.

पण सरांचं काम गेलं. गिऱ्हाइकाच्या घरी जायचे, "चहा करा" म्हणायचे, आणि बाई चहा करायला लागल्या की खिडकीकडे वळून उभे राहायचे. बाहेर आल्यावर मी विचारायचो, "सर, काय बघितलं?" ते म्हणायचे, "कसं बघायचं, ते सांग." रांगोळीचे डबे त्यांनी गाळ्याच्या माळ्यावर टाकले. मग यायचे कमी झाले. मग यायचेच बंद झाले. मागच्या पावसाळ्यानंतर ते झोपेतच गेले.

गाळा आता मी चालवतो. लोकांना पेनिन्सुलाच हवा असतो, फोनवर फोटो घेऊन येतात, आणि मी करून देतो. माझं घर त्यावर चालतं. मी बाईंना विचारतो, "कशाला म्हणजे हो का नको?" नवरे हसतात, आणि बायका बहुतेक वेळा नवऱ्याकडे बघून "हो" म्हणतात. ते हो खरं असतं का, मला माहीत नाही. माझ्या स्वतःच्या घरात ओटा भिंतीकडे आहे. बायकोला भिंत आवडते की मी कधी दुसरं काही केलंच नाही म्हणून ती तशी उभी राहते, हे मी विचारलेलं नाही. विचारायला धजत नाही. ती म्हणेल, "आत्ता आठवलं होय रे तुला?"

मागच्या महिन्यात काकूंकडे गेलो होतो. सरांच्या कपाटात माझी काही जुनी ड्रॉइंगं होती, ती घ्यायला. काकू म्हणाल्या, "बस, चहा टाकते." हॉलमध्ये बसायला एकच जागा होती, ती खुर्ची. अजून बाल्कनीकडेच तोंड करून होती. मी तिच्यात बसलो. खुर्चीकडे जाताना त्या करड्या आकारावरून गेलो होतो, आणि वळसा घालायला हवा असं उगाच वाटलं.

समोर दुसऱ्या टॉवरचं काम चालू होतं. मागे लायटर वाजला. भांडं ठेवल्याचा आवाज आला. साखरेचा डबा उघडला, बंद झाला. मग काहीच आवाज नाही. चहाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ काहीच नाही. मग दूध उतू गेल्याचा, गॅसवर चुरचुरल्याचा आवाज झाला आणि जळका वास आला. तरी गॅस बंद होईना.

मी वळलो नाही. समोरच्या बिल्डिंगवर घमेल्यांतून काँक्रीट वर चढत होतं, ते बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने गॅस बंद झाला. नळ सुरू झाला, थांबला.

"थोडा उतू गेला रे," मागून काकूंचा आवाज आला. "चालेल ना?"

"चालेल, काकू," मी बाहेर बघत म्हणालो. "काही घाई नाही."